क्षारसहिष्णुतेच्या आनुवंशिक अभ्यासाची वाटचाल: पोक्काळी, नोना बोकरा आणि काळा राता या भातवाणांच्या संदर्भात

प्रस्तावना

खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पिकांचा अभ्यास हा सामान्यतः वनस्पतिशास्त्र व कृषिशास्त्र यांचा प्रांत मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांनी या विषयाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक हा विषय इतिहासाचाही आहे. गेल्या तीन दशकांत भाताच्या क्षारसहिष्णुतेशी निगडित अशी जी जनुके प्रकाशात आली, ती ज्या बियाण्यांत सापडली ते बियाणे कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेले नव्हते. केरळ, बंगाल, कोकण आणि गोवा येथील खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या राखले होते. विज्ञानाच्या इतिहासलेखनात मात्र शोधाचा प्रारंभ बहुधा शोधनिबंधाच्या प्रकाशनवर्षापासून धरला जातो व त्यापूर्वीचा काळ 'पारंपरिक वाण' या दोन शब्दांत आटोपला जातो. प्रस्तुत लेखात या दोन्ही काळांचा एकत्र विचार केला असून, क्षारसहिष्णुता हा 'जमिनीचा प्रश्न' होता तो 'जनुकाचा प्रश्न' कसा झाला आणि या स्थित्यंतरात काय हाती आले व काय निसटले, हे तपासले आहे.

आरंभी परिभाषेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत खारवट आणि चोपण हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि मृदाशास्त्रालाही हा भेद मान्य आहे. खारवट जमिनीत विद्राव्य क्षारांचे प्रमाण जास्त असते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून राहतो, सामू वाढतो, माती घट्ट होते व पाणी मुरत नाही. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरहून अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त समजली जाते. सर्व पिके हा क्षार सारखा सोसत नाहीत. मास व हॉफमन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व आजही आधारभूत मानल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार बार्लीचे उत्पादन ८ डेसीसायमनपर्यंत घटत नाही, गव्हाचे ६ पर्यंत घटत नाही. भाताचे मात्र ३ नंतरच घटू लागते आणि पुढील प्रत्येक एककामागे सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते. म्हणजेच भात हे प्रमुख तृणधान्यांतील नाजूक पिकांपैकी एक ठरते. असे असूनही समुद्राला खेटून असलेल्या जमिनीत शतकानुशतके भातच पिकत आला आहे. या विसंगतीतच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे.

जमिनीकडून वनस्पतीकडे

शेतीच्या इतिहासात क्षाराचा उल्लेख आला की मेसोपोटेमियाचे उदाहरण दिले जाते. थॉर्किल्ड जेकबसेन व रॉबर्ट ॲडम्स यांनी १९५८ मध्ये असे मांडले की, दक्षिण इराकमध्ये इ. स. पूर्व ३५०० च्या सुमारास गहू व बार्ली जवळजवळ सारख्या प्रमाणात पिकत. पुढे गव्हाचा वाटा घटत गेला आणि इ. स. पूर्व १७०० च्या सुमारास तो नाहीसा झाला, कारण सिंचनामुळे जमीन खारावली व बार्लीच तेवढी तग धरू शकली. हा सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. तथापि १९८५ मध्ये मार्विन पॉवेल यांनी मूळ इष्टिकालेखांतील परिमाणांच्या वाचनावरच आक्षेप घेतला व उत्पादनघटीचा पुरावा डळमळीत असल्याचे दाखविले. त्यामुळे या उदाहरणाचा उपयोग जपून करणे इष्ट. परंतु एक गोष्ट त्यातूनही निश्चित होते. खाऱ्या जमिनीस उत्तर म्हणून माणसाने पीक बदलले. त्याच पिकाचा सोशिक वाण घडविण्याचा विचार त्या चर्चेत कोठेही येत नाही.

एकोणिसाव्या शतकात भारतात कालव्यांचे जाळे वाढले तेव्हा उत्तरेत 'रेह' व 'उसर' हे शब्द सरकारी कागदपत्रांत वारंवार येऊ लागले. दख्खनमध्ये निरा खोऱ्यात हाच अनुभव आला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी निरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर १९१० मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, तो पश्चिम भारतातील या विषयावरील आरंभीच्या शास्त्रीय लेखनात गणला जातो. त्या काळी रोगनिदान आणि उपचार दोन्ही जमिनीचेच होते: पाण्याचा निचरा करावा, चर खणावेत, पाणी बेताने द्यावे. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथे १९३७ मध्ये स्थापन झालेल्या क्षारता प्रयोगशाळेचा दृष्टिकोनही मुख्यतः हाच होता व तिच्या १९५४ च्या हस्तपुस्तिकेने तो जगभर रूढ केला.

वनस्पतीच्या आनुवंशिकतेकडे पाहण्याचे प्रयत्न या काळात तुरळक होते. सी. बी. लायन यांनी १९४१ मध्ये लागवडीचा टोमॅटो व त्याची एक रानटी जाती यांच्या संकरावर सोडियम सल्फेटचा परिणाम अभ्यासला. क्षारसहिष्णुतेच्या आनुवंशिकतेचा पहिला प्रयोग म्हणून त्याचा निर्देश केला जातो. त्यानंतर जवळजवळ तीन दशके विशेष काही घडले नाही. १९६९ मध्ये एबेल यांनी सोयाबीनमध्ये क्लोराइड पानांपर्यंत पोहोचू देणे वा न देणे हा गुण एकाच जनुकाच्या नियंत्रणाखाली असल्याचे दाखविले. मेंडेलच्या वाटाण्याइतका हा निकाल स्वच्छ होता, आणि कदाचित म्हणूनच तो काहीसा फसवा ठरला. कारण इतर पिकांत इतके सरळ उत्तर मिळाले नाही. सोयाबीनमधील संबंधित जनुकाची रेण्वीय ओळख पटण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

विचाराची दिशा खऱ्या अर्थाने बदलली ती कॅलिफोर्नियातील इमॅन्युएल एप्स्टाइन यांच्या कार्यामुळे. नॉर्लिन यांच्यासह त्यांनी बोडेगा उपसागराच्या वाळूत समुद्राचे पाणी देऊन बार्ली वाढविली व १९७७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८० च्या लेखात त्यांनी खाऱ्या पाण्याच्या शेतीकडे पाहण्याचा आनुवंशिक मार्ग स्पष्टपणे पुरस्कारिला. जमीन पिकाला साजेशी करण्याऐवजी पीक जमिनीला साजेसे करावे, असा या भूमिकेचा आशय होता. अमेरिकी विज्ञानविश्वाला तो नवा वाटला. खाडीकाठच्या भारतीय शेतकऱ्यास त्यात नवे काही आढळले नसते.

भारतात १९६९ मध्ये केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्था स्थापन झाली व कर्नाल हे तिचे केंद्र बनले. जिप्समचा वापर करून चोपण जमीन सुधारणे हे तिचे आरंभीचे प्रमुख कार्य होते. त्याबरोबरच वाणनिर्मितीही सुरू झाली. सुंदरबनातील स्थानिक भातांमधून निवडलेले दामोदर, दसाल आणि गेटू हे वाण सीएसआर १, २ व ३ या नावांनी ओळखले गेले. संकरातून निर्माण झालेला सीएसआर १० हा बुटका वाण १९८९ मध्ये प्रसारित झाला. गव्हाच्या बाबतीत राजस्थानातील पाली भागातील 'खारचिया' हा स्थानिक गहू आधारभूत ठरला. त्याच्या खारचिया ६५ या निवडीचा संकर करून केआरएल १-४ हा वाण १९९० मध्ये प्रसारित करण्यात आला. वाणाला क्रमांक मिळाला की त्याचे गाव विसरले जाते. खारचियाच्या नावात ते निदान टिकून राहिले.

खाडीकाठचे वाण आणि त्यांची व्यवस्था

केरळातील एर्नाकुलम, आलप्पुळा व त्रिशूर जिल्ह्यांच्या खाजणपट्ट्यात पोक्काळी भाताची लागवड होते. या पद्धतीचे बारकावे लक्षात घेतल्याशिवाय पुढील आनुवंशिक संशोधनाचे मूल्यमापन होऊ शकत नाही. उन्हाळ्यात कोळंबीचा हंगाम संपला की शेताचे बांध दुरुस्त केले जातात, पाणी बाहेर काढले जाते आणि मातीचे लहान लहान उंचवटे रचले जातात. मोसमी पावसाच्या पहिल्या सरींनी या उंचवट्यांतील क्षार धुऊन निघतो. त्यानंतर जूनमध्ये मोड आलेले बियाणे उंचवट्यांवर पेरले जाते. रोपे सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर उंच झाल्यावर उंचवटे फोडून रोपे मातीसह शेतभर पसरली जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाण्यात उभे राहून फक्त लोंब्या कापल्या जातात. उरलेली ताटे पाण्यात कुजतात व नोव्हेंबरपासून भरतीच्या पाण्याबरोबर येणाऱ्या कोळंबीचे खाद्य बनतात. रासायनिक खत वा कीटकनाशक यांना या चक्रात स्थान नाही.

यावरून दिसते ते असे की, पोक्काळीचे रोप आपल्या सर्वांत नाजूक अवस्थेत सर्वाधिक क्षाराला सामोरे जात नाही. शेतकऱ्याचे श्रम, पाऊस आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक मिळून त्याला त्यापासून काही अंशी वाचवितात. ऐन पावसात पाणी गोडे असते. पाऊस ओसरला व भरतीचे पाणी आत आले की खारेपणा वाढतो. वाण सोशिक आहे यात शंका नाही. तथापि त्याची सोशिकता बांध, दरवाजे आणि उंचवटे यांच्या सोबतीने वाढली आहे.

कोकणातील चित्र याहून फारसे भिन्न नाही. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत येथील गोड्या व खाऱ्या भातजमिनींचा वेगळा उल्लेख येतो. खाडीच्या मुखाशी बांध घालून, त्यात उघाडी बसवून, ओहोटीला पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला अडवायचे ही येथील रीत. खार जमिनीत चिखलणी व लावणी करणे अवघड असल्याने मोड आलेले बी फेकून पेरण्याची 'रहू' पद्धत प्रचलित झाली. तांबड्या तांदळाचे 'राता' हे भात याच जमिनीचे. त्यातून निवडलेले काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे वाण पुढे क्षारसहिष्णू भातांच्या आंतरराष्ट्रीय याद्यांत जाऊन बसले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने कोकण कृषी विद्यापीठाच्या अंतर्गत पनवेल १, २ व ३ हे वाण दिले.

मात्र खार जमीन टिकविणे हे केवळ बियाण्याचे काम नव्हते, आणि ती कोणाची यावर संघर्षही झाले. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातील कुळांनी १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप केला. त्या काळात शेते पडीक राहिली. शेतकरी चळवळीच्या इतिहासात या संपाचा विचार खोती व कुळकायदा यांच्या अंगाने झाला आहे व ते योग्यच आहे. परंतु त्या जमिनीची एक विशेषता त्यात पुरेशी लक्षात घेतली जात नाही: समुद्राकडून मिळविलेली जमीन दरवर्षीच्या श्रमानेच शेती म्हणून उरते. श्रम थांबले की बांध खचतो, उधाणाचे पाणी आत येते आणि काही हंगामांतच शेताचे खाजण होते. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम हे या जबाबदारीचा भार शासनाने उचलण्याचे टप्पे होत.

गोव्यातील सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमिनीत कोरगुट या भाताला हेच स्थान होते. तेथील बांध व 'मानस' ही पाणी नियंत्रित करणारी दारे गावकरीच्या सामूहिक देखरेखीखाली असत. अलीकडच्या काळात कोरगुटमधूनच निवड करून गोवा धान १ व २ हे वाण गोव्यातील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने दिले आहेत. बंगालच्या सुंदरबनात नोना बोकरा, गेटू इत्यादी भाते होती. 'नोना' या शब्दाचा अर्थच खारट असा आहे.

पहिल्या गुणसूत्रावरील जागा

फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आशियाभरातून भाताचे नमुने गोळा केले. त्यांत पोक्काळी व नोना बोकरा या नावांचे नमुने होते. हे दोन्ही वाण उंच वाढणारे, लोळणारे आणि कमी उत्पन्न देणारे. हरितक्रांतीच्या निकषांवर ते केव्हाही टिकले नसते. पण क्षारयुक्त द्रावणात रोपे वाढवून पाहिली असता इतर रोपे करपत, ही हिरवी राहत.

यामागील कारणमीमांसा इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या येओ आणि फ्लॉवर्स यांनी १९८० च्या दशकात केली. क्षारसहिष्णुता हा एकच गुण नसून मुळांतून सोडियमचा प्रवेश मर्यादित ठेवणे, जुन्या पानांत तो साठवून कोवळी पाने वाचविणे, पानांच्या ऊतींनी तो सोसणे आणि जोमदार वाढीने त्याची तीव्रता कमी करणे अशा अनेक गुणांचा समुच्चय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कोणत्याही एका वाणात हे सर्व गुण उत्तम प्रमाणात एकवटलेले नसतात. म्हणून ते वेगवेगळ्या वाणांतून घेऊन एकत्र आणावेत, अशी त्यांची सूचना होती. पुढील दोन दशकांत संशोधनाचा बराचसा प्रवाह या सावध भूमिकेपासून दूर गेला, ही खेदाची बाब म्हणावी लागेल.

१९९० च्या दशकात रेण्वीय चिन्हकांचे तंत्र हाती आले. आयआर २९ हा क्षाराला नाजूक वाण आणि पोक्काळी यांच्या संकराची संतती घेऊन ग्लेन ग्रेगोरिओ यांनी १९९७ मध्ये पहिल्या गुणसूत्रावर एक महत्त्वाचे स्थान निश्चित केले. त्यास 'सॉल्टॉल' हे नाव मिळाले. बोनिला व सहकाऱ्यांच्या २००२ मधील अभ्यासानुसार रोपांतील सोडियम-पोटॅशियम गुणोत्तरामध्ये आढळणाऱ्या तफावतीपैकी ४३ टक्के भाग या स्थानाने स्पष्ट होत होता. एवढ्या गुंतागुंतीच्या गुणासाठी हा आकडा फार मोठा होता. याच संततीतील एफएल ४७८ ही ओळ पुढे जगभरच्या पैदास कार्यक्रमांत दाता म्हणून वापरली गेली.

दरम्यान शांघाय येथील लिन होंग-शुआन यांच्या गटाने दुसऱ्या बाजूने काम चालविले होते. त्यांनी सुंदरबनचा नोना बोकरा आणि जपानचा लोकप्रिय कोशिहिकारी यांचा संकर केला. त्यांनाही पहिल्या गुणसूत्रावरच, जवळजवळ त्याच भागात, पोटॅशियमचे प्रमाण ठरविणारे स्थान मिळाले. २००५ मध्ये त्या स्थानामागील जनुक त्यांनी वेगळे करून दाखविले. एचकेटी कुळातील सोडियम-वाहक प्रथिनाची माहिती हे जनुक वाहते. या कुळातील पहिले जनुक शाख्टमन व श्रोडर यांनी १९९४ मध्ये गव्हाच्या मुळांतून मिळविले होते. भाताच्या या प्रथिनाचे कार्य थोडक्यात असे: मुळाने शोषलेले पाणी प्रकाष्ठातून वर चढत असताना प्रकाष्ठाशेजारच्या पेशी त्यातील सोडियम परत खेचून घेतात, त्यामुळे पानांत तो कमी पोहोचतो व पोटॅशियमचे प्रमाण टिकते. नोना बोकरा व कोशिहिकारी यांच्या प्रथिनांत केवळ चार अमिनो आम्लांचा फरक होता. खाडीकाठच्या भातशेतीचे एक रहस्य चार अक्षरांत उलगडले, असे वाटावे इतका हा शोध नेटका होता.

गव्हाच्या बाबतीतही हेच कुळ पुढे आले. ऑस्ट्रेलियातील राना मन्स व सहकाऱ्यांनी एका प्राचीन, द्विगुणित जनुकसंच असलेल्या गव्हाकडून ड्युरम गव्हात आलेले जनुक ओळखले आणि त्यामुळे खाऱ्या जमिनीत उत्पादन २५ टक्क्यांनी वाढल्याचे २०१२ मध्ये प्रत्यक्ष शेतातील चाचण्यांनिशी दाखवून दिले. या विषयातील ज्या थोड्या निष्कर्षांची शेतात कसोटी लागली, त्यांत याचा समावेश होतो.

नमुन्याच्या नावाचा प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासकास साधनचिकित्सा नवी नाही. सॉल्टॉलच्या कथेत हीच चिकित्सा अनपेक्षित रीतीने आवश्यक ठरली. थॉमसन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या स्थानाचा फेरतपास केला. एफएल ४७८ मधील पोक्काळीचा तुकडा अपेक्षेपेक्षा फार लहान, दहा लाख बेसजोड्यांहून कमी लांबीचा असून त्याच्या दोन्ही बाजूंस नाजूक वाणाचाच अंश आहे, हे स्पष्ट झाले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जनुकपेढीत 'पोक्काळी' या नावाने ठेवलेले नमुने परस्परांशी जुळत नव्हते. हे खरे तर स्वाभाविक होते. पोक्काळी हे शुद्ध वाणाचे नाव नव्हेच; ते एका शेतीपद्धतीचे आणि तीत पेरल्या जाणाऱ्या अनेक भातांचे नाव आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही विविधता म्हणजे विम्यासारखी सोय होती. पेढीत मात्र प्रत्येक नमुन्यास एक क्रमांक लागतो आणि नाव तेच राहते. कोणत्या पोक्काळीवर प्रयोग झाला, हे न सांगणारा शोधनिबंध हस्तलिखिताचा क्रमांक न देणाऱ्या संशोधकासारखाच अपुरा मानावा लागेल.

पुढे प्लॅटन, एग्डेन व इस्माइल यांनी २०१३ मध्ये अनेक भातांतील याच जनुकाची रूपे तपासली तेव्हा त्याची सात प्रमुख रूपे आढळली. सोडियम कमी शोषणारा प्रत्येक वाण सोशिक असेलच असे नाही, आणि काही सोशिक वाण अन्य मार्गांनी तगतात, हेही दिसून आले. शिवाय सॉल्टॉलचा प्रभाव मुख्यतः रोपावस्थेत दिसतो. फुलोऱ्यातील सहिष्णुता बऱ्याच अंशी स्वतंत्र आहे. तीन आठवड्यांच्या रोपांवर मीठपाण्याचा मारा करून काढलेला निष्कर्ष दाणा भरेपर्यंत पुरत नाही, हे त्यावरून उघड होते. पोक्काळीच्या शेतात क्षार वाढतो तो पाऊस ओसरल्यावर, म्हणजे नेमका पुढच्या अवस्थेत. प्रयोगशाळेची चाचणी आणि शेताचे वेळापत्रक यांचा मेळ बसलेला नव्हता.

जनुकीय रूपांतराच्या मार्गाची कथा याच काळात समांतर घडली. जियान-कांग झू यांच्या गटाने मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत १९९६ पासून क्षारसंवेदी उत्परिवर्तके शोधून पेशीतून सोडियम बाहेर फेकणारी एक साखळी उलगडली. एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या गटाने १९९९ मध्ये सोडियमला पेशीच्या रिक्तिकेत कोंडणारे जनुक त्याच वनस्पतीत अधिक प्रमाणात कार्यान्वित केले. २००१ मध्ये तशाच रीतीने रूपांतरित टोमॅटो २०० मिलिमोलर मीठ असलेल्या पाण्यावर वाढून फळला. एका जनुकाने प्रश्न सुटल्याच्या बातम्या त्यावेळी आल्या. टिमोथी फ्लॉवर्स यांनी २००४ मध्ये या सर्व दाव्यांचा आढावा घेतला आणि बहुतेक प्रयोगांत वाढीचे व उत्पादनाचे मोजमापच पुरेसे झालेले नसल्याचे दाखविले. त्यांची ही टीका कठोर वाटली तरी अनाठायी नव्हती.

आयलानंतर

२५ मे २००९ रोजी आयला चक्रीवादळ सुंदरबनावर आदळले. बांध फुटले, समुद्राचे पाणी शेतांत शिरले आणि जमिनी खारावल्या. मधल्या काळात अधिक उत्पन्न देणारी भाते सर्वत्र पसरली होती. ती या जमिनीत तगली नाहीत. शेतकरी जुन्या भातांच्या शोधात निघाले तेव्हा गावांत ते बियाणे जवळजवळ उरले नव्हते. देबल देब यांच्या बीजसंग्रहात राखलेली लाल गेटू, नोना बोकरा यांसारखी भाते थोड्याथोड्या प्रमाणात काही शेतकऱ्यांना देण्यात आली. ज्या नोना बोकराचे जनुक चार वर्षांपूर्वी शांघायमध्ये अक्षर न्‌ अक्षर वाचले गेले होते, त्याचे मूठभर बी त्याच्या जन्मभूमीत दुर्मिळ झाले होते. जनुकाची माहिती सर्वत्र उपलब्ध असताना बी गावात नसावे, ही स्थिती या विषयाच्या कोणत्याही प्रगतिवादी इतिहासात बसत नाही.

येथे हक्काचा प्रश्न उपस्थित होतो. शेतकऱ्यांची जनुके परदेशी संस्थांनी पळविली, अशी मांडणी कधी कधी केली जाते. ती सरसकट स्वीकारता येत नाही. हे नमुने प्रामुख्याने १९९३ मध्ये अमलात आलेल्या जैवविविधता करारापूर्वीच्या, बियाणे हा मानवजातीचा सामाईक वारसा मानणाऱ्या काळात जमा झाले. त्या संग्रहातूनच पुढे भारतासह अनेक देशांना बियाणे परत मिळाले. आणि जनुकाची उपयुक्त रूपे एकाच गावच्या भातात नव्हे, तर अनेक प्रदेशांच्या भातांत विखुरलेली आहेत. परंतु याच कारणाने शेतकऱ्याचे श्रेय नाकारणे हेही तर्काला धरून नाही. भारताच्या २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी व लाभांश यांची तरतूद केली. त्या कायद्याची रचना नाव असलेल्या वाणाभोवती झालेली आहे. पोक्काळीसारखे सामूहिक, मिश्र आणि पद्धतीशी जखडलेले बियाणे तिच्यात नेमके कोठे बसवायचे, हा प्रश्न कायद्याने पूर्णपणे सोडविलेला नाही.

पैदास कार्यक्रम मात्र पुढे गेले. बांगलादेशात ब्री धान ४७ हा वाण २००७ मध्ये प्रसारित झाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत सॉल्टॉलचा तुकडा चिन्हकांच्या साह्याने पुसा बासमती ११२१ मध्ये आणण्यात आला. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुकसंपादनाने तयार केलेल्या दोन भातवाणांची घोषणा केली. त्यांपैकी 'पुसा डीएसटी राइस १' हा एमटीयू १०१० या वाणातील डीएसटी जनुक निष्क्रिय करून मिळविलेला असून तो दुष्काळ व क्षार दोन्ही सोसतो, असे सांगण्यात आले; चाचण्यांच्या आकडेवारीवर काही संघटनांनी आक्षेप घेतले व भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळले. पानावरील रंध्रांच्या उघडझापीशी संबंधित असलेले हे जनुक २००९ मध्ये प्रथम उजेडात आणले ते नोना बोकरावर काम करणाऱ्या शांघायच्या त्याच गटाने. या नव्या वाणात मात्र बाहेरून काहीच घातलेले नाही, उलट जे होते ते बंद केले आहे. दात्याची, म्हणजेच पोक्काळीची वा नोना बोकराची, गरज येथे उरत नाही.

कोकणात या घडामोडींचा पडसाद कितपत उमटेल, हे बियाण्यापेक्षा बांधांवर अवलंबून राहील असे दिसते. उरण, पनवेल व परिसरातील खार जमिनींचा मोठा हिस्सा १९७० नंतर नवी मुंबई आणि पुढे न्हावा-शेवा बंदरासाठी संपादित झाला. अलिबाग व पेणच्या खारेपाटात बांध फुटून नापीक झालेल्या शेतांत आज खारफुटी वाढली आहे, तर काही ठिकाणी मत्स्यतळी झाली आहेत. काळा राता १-२४ हा वाण परदेशी शोधनिबंधांच्या तक्त्यांत अजून नियमितपणे आढळतो. तो ज्या जमिनीतून निवडला गेला त्या खारेपाटात उघाडीच्या फळ्या वेळेवर बदलल्या जाव्यात, ही मागणी ग्रामपंचायतींच्या ठरावांत अजून येत असते.